दिवे न घालवता घेतलेली चाचणी

...नाही नाही काका, ओरडलात ते उत्तम केलंत. बसा इथं, या खुर्चीवर बसा, ती पलीकडची हलते, मला माहितीये, या सगळ्या खुर्च्या मीच बसवून घेतल्यात... ओरडलंच पाहिजे हो, तुमच्या मिसेसना सकाळपासून उपाशी ठेवलंय आणि नंबर कधी लागणार ते कोणी सांगत नाही म्हणजे काय? पण तुम्हाला सांगतो, त्या काउंटरवरच्या बाई उलट तुमच्यावर खेकसल्या ना, "मला काय विचारता, आतून निरोप येईल तेव्हा सांगेन", ते ऐकून माझ्या जिवात जीव आला. का विचारा. कारण त्या खेकसल्या. या इमारतीत जो माणूस अजून खेकसतोय ना, त्याच्यापासून कसलाही धोका नाही. धोका आहे तो गोड बोलणाऱ्यापासून.

मी कोण? सांगतो ना. मी या हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचा प्रोजेक्ट मॅनेजर. म्हणजे बघा, भिंती गवंड्यांनी बांधल्या, तारा इलेक्ट्रिकच्या ठेकेदारानं ओढल्या, पैसे ट्रस्टनं दिले, मशिनं डॉक्टरांनी निवडली, मग मी काय केलं? मी माणसं सांभाळली. हसू नका ताई, फार अवघड काम आहे. वीट बसली की बसली, ती दुसऱ्या दिवशी येऊन म्हणत नाही की काल मी बसले खरी, पण मला विश्वासात घेतलं नव्हतं. माणसं म्हणतात.

आणि आत्ता मी इथं मॅनेजर म्हणून बसलेलो नाहीये. तो दारावरचा लाल दिवा दिसतोय ना, तो माझ्या आईसाठी लागलाय. न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. नव्या थिएटरमधलं पहिलं ऑपरेशन. कंबरेखाली बधिर केलंय फक्त, आई जागी आहे, डोळे उघडे, छताकडे बघत पडलीये, म्हणजे आत काही झालं तर सगळ्यात आधी तिलाच कळणार... आत्ता दिवा लुकलुकला का? नाही? मला वाटलं लुकलुकला. असू दे.

तर काय सांगत होतो, गोड बोलणं. अहो, सुरुवातीला या इमारतीच्या मीटिंगा म्हणजे नुसता कोंबडबाजार होता. ट्रस्टचे अध्यक्ष टेबलावर हात आपटायचे, "मला तारीख द्या, बाकी काही सांगू नका." मोठ्या डॉक्टरीणबाई, त्या आत्ता आत आहेत, आईचं हाड त्यांच्याच हातात आहे, त्या म्हणायच्या, "हे थिएटर आहे की माजघर? दार कुठल्या बाजूला उघडतंय हे ज्यानं ठरवलं त्याला माझ्यासमोर उभा करा." अकाउंटचे साहेब, त्यांना आम्ही 'बघू' म्हणतो, कारण काहीही मागितलं की चष्मा वर करून म्हणायचं, "बघू." आणि इलेक्ट्रिकचा ठेकेदार, त्याचं नाव पडलंय 'झालंच'. "वायरिंग?" "झालंच साहेब." "पॅनल?" "झालंच समजा." भिंतच अजून उभी नव्हती हो, आणि त्या भिंतीवरचे दिवे झालेच होते.

पण तेव्हा मला झोप लागायची. माणूस ओरडतो तेव्हा त्याला काम हवं असतं. तो आपलं म्हणणं मांडतो, आपण आपलं मांडतो, दोघांचं रक्त आटतं आणि दार बरोबर बाजूला उघडायला लागतं. आमचं उघडलं की. हे बघा, आता बरोबर उघडतं.

मग एक दिवस मी मीटिंगमध्ये जनरेटरचा विषय काढला. साधी गोष्ट हो. बाहेरची वीज गेली तर खालच्या मजल्यावरचा जनरेटर आपोआप चालू झाला पाहिजे आणि त्याची वीज थिएटरपर्यंत पोहोचली पाहिजे. मधल्या वेळात थिएटरच्या दिव्यांना बॅटरी आहे, ती थोडा वेळ तग धरते, फार नाही. आता हे सगळं खरंच होतं का ते कळणार कसं? एकच मार्ग. पेशंट यायच्या आधी मेन स्विच पाडायचा, अख्खी इमारत अंधारात घालायची आणि हाताची घडी घालून उभं राहायचं. मी म्हटलं, "मंडळी, एकदा दिवे घालवून बघू या."

आणि तुम्हाला सांगतो... कोणी ओरडलं नाही.

सगळे हसले. गोड हसले. अध्यक्ष, जे मला आजवर 'ए मॅनेजर' म्हणायचे, ते म्हणाले, "अहो, तुमच्या शब्दाबाहेर आहोत का आम्ही? तत्त्वतः मान्य. फक्त उद्घाटनाच्या तोंडावर अंधार कशाला, शुभ बोला की. आणि काळजी कसली करायची, तुम्ही आहात ना." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चाचणी झालीच पाहिजे, माझं तर ठाम मत आहे, फक्त माझी मशिनं आत्ताच लावलीयेत, ती बसू देत, मग घ्या. तुम्ही आहात ना." बघूसाहेबांनी पहिल्यांदाच चष्मा खाली ठेवला. म्हणाले, "बघा बुवा, चाचणीत काही जळलं तर त्याचा खर्च कुठं दाखवायचा? हात दाखवून अवलक्षण कशाला? अर्थात तुम्ही आहात ना." आणि तो ठेकेदार 'झालंच', त्याचं तर काय, "साहेब, चाचणी झालीच समजा." घ्या.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची याला सगळ्यांची तत्त्वतः मान्यता. फक्त ती बांधायच्या दिवशी प्रत्येकाच्या घरी काहीतरी काम.

त्या दिवसापासून माझा मान जो वाढला, काही विचारू नका. चहा मागायच्या आधी यायला लागला. अध्यक्ष भेटले की खांद्यावर हात. बघूसाहेबांनी माझं प्रवासाचं बिल न बघता पास केलं, न बघता हो, तो माणूस स्वतःच्या मुलीची प्रगतीपुस्तकं दोनदा तपासतो. मी घरी बायकोला म्हटलं, "अगं, काहीतरी भयंकर होणार आहे." ती म्हणाली, "का, काय झालं?" म्हटलं, "सगळे माझ्याशी चांगले वागतायत." तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

आणि तारखा पडायला लागल्या. चाचणीच्या. या शुक्रवारी ठरली की गुरुवारी डॉक्टरीणबाईंच्या मशिनचा माणूस येणार. पुढच्या मंगळवारी ठरली की सोमवारी अध्यक्षांचे पाहुणे इमारत बघायला. मी जिद्दीला पेटलो की हे सगळे माझ्या भोवती गोळा व्हायचे, आणि एकेक जण हळू आवाजात, घरातल्या आजारी माणसाशी बोलावं तसं बोलायचा. "दमलात हो तुम्ही." "तब्येत जपा." "तुम्ही नसतात तर काय झालं असतं या इमारतीचं." म्हणजे मी त्यांना सांभाळत होतो ना, आता तेच मला सांभाळायला लागले. आणि काय सांगू तुम्हाला, माझ्यापेक्षा सरस सांभाळत होते.

मग मी काय केलं? मी तोडगा काढला. तोडगा हा माझा धंदाच आहे. म्हटलं, कोणाचंच मन मोडायला नको, आपण चाचणी घेऊ, पण दिवे न घालवता. म्हणजे काय, तर बाहेरची वीज चालूच ठेवायची आणि जनरेटर आपला बाजूला हातानं चालू करून बघायचा. बघा ताई, तुमच्या लक्षात आलं, तुमचा चेहराच सांगतोय. पोहता येतं का हे बघायला कपडे काढून काठावर हातपाय हलवायचे. पण बैठकीत? उलट टाळ्या. अध्यक्ष म्हणाले, "याला म्हणतात मॅनेजमेंट."

झालं. आमच्या 'झालंच'नं बटण दाबलं, जनरेटर असा काही घुमला, असा घुमला की सगळ्यांच्या अंगावर काटा आला. फोटो निघाले. अध्यक्षांना तो आवाज इतका आवडला, इतका आवडला की पुढं जो पाहुणा येईल त्याला आधी खाली न्यायचं. "चालू करून दाखवा रे." देणगीदार आले, दाखवा. अध्यक्षांचे मेव्हणे आले, दाखवा. मेव्हण्यांचे व्याही आले, त्यांना ऐकू कमी येतं, त्यांना जरा जास्त वेळ दाखवा. जुन्या इमारतीतल्या ओपीडीपेक्षा जास्त गर्दी त्या जनरेटरला.

...आता मात्र लुकलुकला. लुकलुकला ना काका? तुम्ही पण बघितलंत. काही नाही, होतं असं. ते खिडकीबाहेर बघा, रस्त्यावर ते पिवळं धूड खणतंय ना, जबडा आपटतंय बघा कसं, त्यानं होत असेल. कोण खणतंय? काय माहीत. मी सकाळी जाऊन विचारलं, म्हटलं बाबा रे, खाली हॉस्पिटलची केबल आहे, तर तो म्हणाला, "आम्ही पाणीवाले, केबलचं आम्हाला कोणी सांगितलं नाही." बरोबर आहे त्याचं. आमच्या कुठल्याच मीटिंगला तो नव्हता.

हां, तर मी एकदा कोर्सला गेलो होतो. माणसं कशी सांभाळायची याचा कोर्स असतो, खरंच असतो. तिथल्या बाईंनी फळ्यावर चार चौकोन काढले. म्हणाल्या, ज्याच्या हातात सत्ता आहे आणि ज्याला पर्वाही आहे त्याला जवळ धरा. सत्ता आहे पण पर्वा नाही त्याला खूश ठेवा. दोन्ही नाही त्याच्याकडे अधूनमधून नजर टाका. मी हात वर केला. म्हटलं, बाई, एखाद्याच्या हातात काहीच नाही, पण त्याचा जीवच यात अडकलाय, असा माणूस कुठं बसवायचा? बाई म्हणाल्या, हा काय, या चौकोनात. त्याच्यासाठी काय करायचं? त्याला फक्त माहिती देत राहायचं.

म्हणजे तुम्ही. तुम्ही काका, तुम्ही ताई, ते कोपऱ्यात डुलक्या घेतायत ते गृहस्थ, आणि आजपासून मी. म्हणून तर इतका वेळ माहिती देतोय तुम्हाला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं माहीत होतं तर स्वतःच्या आईला इथं कशाला आणलंस, शहाण्या? विचारा, विचारलंच पाहिजे. आई पडली त्या दिवशी मी जुन्या इमारतीत घेऊन गेलो. तर तिथलं थिएटर बंद, सगळं सामान इकडं हलवलेलं. कोणी हलवलं? मीच. वेळेच्या आधी हलवलं म्हणून माझा सत्कार झाला होता. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाड फार दिवस असं ठेवून चालणार नाही, दुसरीकडं न्यायचं तर या वयात हलवणंही बरं नव्हे. आणि नव्या थिएटरमध्ये पहिला मान तुमच्या आईंचा. याहून चांगलं काय?" गोड बोलल्या.

काल मी अध्यक्षांकडे गेलो. हात जोडले. म्हटलं, "साहेब, आज एकदाच, मेन पाडू या, आज इमारतीत एकही पेशंट नाही, उद्यापासून असेल." अध्यक्षांनी मला बसवलं. स्वतःच्या हातानं पाणी दिलं. म्हणाले, "आईच्या काळजीनं तुम्ही हळवे झालायत. साहजिक आहे. पण चाचणी तर तुम्हीच घेतलीत ना? तुम्हीच तोडगा काढलात. फोटोत तुम्हीच पुढं आहात." माझेच शब्द, माझ्याच आवाजाच्या पट्टीत मला परत दिले. मी त्यांना 'बरोबर आहे साहेब' म्हणून बाहेर आलो. सवय हो. दुसरं काही तोंडातून येतच नाही.

मग ठरवलं, आईला सांगायचं. तिचं हाड, तिचा जीव, तिनं ठरवावं. आज सकाळी तिला हिरवा गाऊन घातला होता, केसांवर टोपी, एवढीशी दिसत होती. मी म्हटलं, "आई, ऐक, ते जनरेटरचं आहे ना..." तर तिनं माझा हात धरला आणि शेजारच्या नर्सला म्हणाली, "हा माझा मुलगा. ही सगळी इमारत यानं बांधलीय. याचे वडील घरातला फ्यूज बदलायला शेजाऱ्याला बोलवायचे, आणि हा बघा." मग मला म्हणाली, "काय सांगत होतास? जनरेटरचं काय?" मी म्हटलं, "काही नाही, मोठा आहे." ती म्हणाली, "असू दे. मला कशाची भीती नाही. तू आहेस ना."

इतकी माणसं म्हणाली, पण ते सगळे खोटं म्हणत होते हो. आई खरं म्हणाली. आणि स्ट्रेचर आत गेलं.

तेव्हापासून मी देव पाण्यात घालून बसलोय. आता फार वेळ उरला नसावा, डॉक्टरीणबाईंचा हात जलद आहे, ओरडतात पण हात जलद आहे. एकदा तो लाल दिवा विझला की... म्हणजे विझायला हवा, पण बाकीचे चालू राहून विझायला हवा, सगळ्यांबरोबर नाही. कळतंय ना तुम्हाला मी काय म्हणतोय ते...

...

गेले.

बसा. सगळे बसा. उठू नका ताई, अंधारात पाय अडकेल, कोपऱ्यातल्या त्या गृहस्थांना उठवू नका, झोपू देत. आत बॅटरी आहे. दाराच्या फटीतून उजेड दिसतोय ना? दिसतोय. ती बॅटरी. थोडा वेळ धरते. आता खालून आवाज यायला पाहिजे. आपोआप. कोणी बटण न दाबता. गप्प राहा जरा, काका, खोकू नका, पाया पडतो तुमच्या... चालू हो. चालू हो रे बाबा. मेव्हण्यांसाठी घुमलास, व्याह्यांसाठी घुमलास, माझी आई आहे रे आत...

आला. आला आवाज. ऐकलात? आले. दिवे आले. लाल दिवा पण आला. अहो काका, आले दिवे, या, गळ्यात पडू द्या जरा. झाली चाचणी. खरी चाचणी. आईवर झाली, पण झाली.

थांबा, फोन. अध्यक्ष. हो साहेब. हो, चालू झाला. हो साहेब, अभिनंदन, तुमचंही. हो, पेढे... नंतर साहेब. बघितलंत? लगेच कळलं त्यांना. आता परत फोन. ठेकेदार 'झालंच' आहे. बोल रे. हो, लागला. आपोआप लागला. काय? "मला वाटलं नव्हतं लागेल"? अरे गाढवा, मग... बरं, बरं, असू दे, लागला ना. पुढं काय? टाकी? टाकीचं काय? काटा तर भरलेली दाखवतोय, मी सकाळीच बघून आलो. काटा अडकलाय म्हणजे? कधीपासून? अरे पण डिझेल भरलं कोणी होतं? तू चाचणीपुरतं घातलं होतंस. मग नंतर कोणी? हॉस्पिटल भरणार होतं. हॉस्पिटल म्हणजे बघूसाहेब. त्यांना वाटलं तू भरणार. आणि जेवढं होतं ते... पाहुण्यांना दाखवलं. हो रे, मोजू नकोस, मीच उभा होतो तिथं. किती वेळ चालेल आता? सांगता येत नाही. तू येतोयस का घेऊन? रस्ता खणलाय, गाडी पलीकडं अडकली. बरं. बरं. ठेव.

...

बाहेरची वीज अजून आलेली नाहीये बरं का. ते पिवळं धूड बंद पडलंय आणि तो माणूस खड्ड्यात डोकावून बघतोय.

काका, बसा ना, उभे का तुम्ही? तुमच्या चेहऱ्यावर किती शांतपणा आहे हो, मघापासून बघतोय, असा माणूस जवळ असला की धीर येतो. आणि ताई, तुम्ही किती मन लावून ऐकलंत, इतकं कोणी ऐकत नाही हल्ली. तुमच्या माणसांची मला पूर्ण काळजी आहे, आपण सगळे एकाच घरचे आहोत आता. मी फार काही मागणार नाही. फक्त एवढंच विचारायचं होतं, खाली गेटच्या आत जी गाडी उभी आहे, ती डिझेलवर चालणारी... ती तुमच्यापैकी कोणाची?